किरकोळ

मंगळवारी दुपारी तिसरा तास संपवून मी शिक्षक-खोलीत येऊन बसले होते आणि चहाचा पहिला घोट घेणार तोच फोन वाजला. ज्या आर्थिक सल्लागारांना आम्ही शनिवारी पहिल्यांदा भेटणार होतो, त्यांच्या कार्यालयातील मुलगी बोलत होती. आवाज विशीतला आणि अदबशीर होता. तुम्ही भरून पाठवलेला तक्ता मिळाला, बहुतेक सगळी माहिती व्यवस्थित आहे, एवढे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "फक्त एकच राहिलंय मॅडम. महिन्याच्या खर्चात तुम्ही 'इतर' म्हणून एकोणीस हजार दाखवलेत. त्याची जरा फोड करून पाठवाल का?" मी "हो, पाठवते" म्हणून फोन ठेवला. चहावर तोवर साय धरली होती. मला राग आला होता, आणि तिने काहीही वावगे विचारलेले नसताना तो का यावा, हे मला बस पकडून घरी पोहोचेपर्यंत उमगले नाही.

पगार, कर्ज, ठेवी, दागिने हे सर्व त्या अनोळखी मुलीला मी आधीच कळवले होते. पॅन क्रमांक दिला होता, दोघांची जन्मतारीख दिली होती, रक्तदाबाची गोळी कोण घेते तेही लिहिले होते. त्या कशाचाही संकोच वाटला नाही, आणि 'इतर'ची फोड म्हटल्याबरोबर मात्र कोणीतरी स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून पाहते आहे असे वाटले.

सल्लागाराकडे जाण्याची वेळ आमच्यावर उशिराच आली. आजवर आमचे सगळे विमेवाले काका पाहत असत. दरवर्षी मार्च महिन्यात ते चामड्याची काळी बॅग घेऊन येत, पोहे आणि चहा घेत, "यंदा करबचतीचं काय?" असे विचारत आणि जेथे फुली मारलेली असे तेथे आम्ही सही करत असू. त्यांनी आमच्याकडून सल्ल्याचा एक रुपयाही कधी घेतला नाही, आणि म्हणूनच तो सल्ला फुकट होता असे आम्ही पंचवीस वर्षे समजत होतो. त्यांचे कमिशन आमच्याच हप्त्यातून जात होते हे कळण्याइतके शिक्षण आम्हा दोघांचेही होते, पण तसा विचार करणे घरी आलेल्या पाहुण्याचे ताट मोजण्यासारखे वाटत असावे. दोन वर्षांपूर्वी काका गेले. नवऱ्याची निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे, त्याची नोकरी खाजगी आहे, म्हणजे नाव घेण्याजोगे निवृत्तिवेतन नाही. तेव्हा शुल्क घेऊन सल्ला देणारा माणूस शोधायचा असे आम्ही ठरवले.

"पैसे कसे राखायचे हे ऐकायला आधी पैसे मोजायचे," असे नवरा पहिले आठ दिवस म्हणत होता. त्यात त्याची चूक नाही. आपल्याकडे सल्ला ही मागितल्याशिवाय मिळणारी वस्तू आहे. त्याचे समाधान व्हावे म्हणून मी जरा वाचन केले. अशा सल्लागारांसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ साली नियम केले. त्यांना सेबीकडे नोंदणी करावी लागते, तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो, आणि ज्याच्याकडून सल्ल्याचे शुल्क घ्यायचे त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन घेण्याची त्यांना मुभा नाही. ठरावीक शुल्क घेणाऱ्याला एका कुटुंबाकडून वर्षाला १,५१,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, हे मी वाचून दाखवले तेव्हा नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आम्हाला सांगितलेला आकडा त्याच्या पंचमांशाहूनही कमी होता आणि दीड लाख ऐकल्यावर तो एकदम स्वस्त वाटू लागला. बाजारात भाव करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते.

भेटीआधी भरायचा तक्ता ईमेलने आला. चांगला अकरा पानांचा होता. त्यासाठी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातील हिरवी कापडी पिशवी बाहेर काढावी लागली. आमच्या घरात 'महत्त्वाचे' म्हणून जे काही असते ते या पिशवीत जाते आणि सहसा परत वर येत नाही. रविवारी सकाळी सतरंजीवर ती उपडी केली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या खोलीभर पसरला. फ्रीजचे गॅरंटी कार्ड निघाले, जो फ्रीज विकूनही आता तप झाले. पीपीएफची दोन पासबुके निघाली. एका सहकारी बँकेतील तीन ठेवींच्या पावत्या निघाल्या, आणि त्या आम्ही मोठ्या हुशारीने दोन निरनिराळ्या शाखांत ठेवल्या होत्या. ठेव विम्याचे पाच लाखांचे संरक्षण एका ठेवीदारामागे एका बँकेला मिळते, शाखेला नाही, हे कळल्यावर ती हुशारी तेथेच सतरंजीवर राहिली. हे पाच लाखसुद्धा फेब्रुवारी २०२० पासून झाले, त्याआधी एकच लाख होते.

पिशवीच्या तळाशी नवऱ्याची पहिली विमा पॉलिसी होती. ती १९९४ सालची, मुदत ३५ वर्षांची आणि विमा रक्कम ५० हजार. कागदाच्या घड्या इतक्या पक्क्या झाल्या होत्या की उलगडताना तो कुरकुरला. वर दोन तळहातांनी जपलेली ज्योत आणि खाली 'योगक्षेमं वहाम्यहम्'. गीतेच्या नवव्या अध्यायातील हे वचन एलआयसीने इतकी वर्षे घरोघर पोहोचवले आहे की, भगवंतांनी ते हप्त्यांच्या संदर्भातच म्हटले असावे असा लहानपणी माझा समज होता. भाष्यकार सांगतात की, योग म्हणजे जे नाही ते मिळणे आणि क्षेम म्हणजे जे मिळाले त्याचे रक्षण. त्या ५० हजारांनी दोहोंपैकी नेमके काय साधले असते कोण जाणे. पण १९९४ साली चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला ती रक्कम भली मोठी वाटली असणार. नामनिर्देशनाच्या रकान्यात सासूबाईंचे नाव होते. त्या २०१५ साली गेल्या. मी कागद नवऱ्यापुढे धरला. त्याने तो बराच वेळ वाचला. "बदलायला हवं," एवढेच तो म्हणाला आणि कागद त्याच जुन्या घड्यांवर पुन्हा मिटला.

तक्त्यातील प्रश्न सरळ होते, म्हणूनच त्यांची उत्तरे द्यायला वेळ लागे. 'किती वर्षे वयापर्यंत नियोजन करावे?' या प्रश्नापुढे ९० हा आकडा आधीच छापलेला होता. "मला कोणी विचारलं का?" असे म्हणून नवऱ्याने तो खोडून ८२ केला. मी माझ्यापुरता ९० तसाच ठेवला. मग त्यालाही एकदम आठ वर्षे मागे राहण्याचा विचार आवडला नसावा, कारण थोड्या वेळाने पाहिले तर ८२ चे ८८ झाले होते. पुढे जोखमीची प्रश्नावली होती. बाजार वीस टक्के पडला तर तुम्ही काय कराल? तीन पर्याय होते आणि त्याने 'काहीही न करता थांबेन' यावर खूण केली. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंशांहून अधिक कोसळला, त्या संध्याकाळी मुखपट्टी लावून कोथिंबीर निवडत बसलेल्या या माणसाने रात्री नऊ वाजता एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक, बंद केली होती. मी त्याची आठवण करून दिली. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. ती नेहमीच वेगळी असते, आणि प्रश्नावलीत मात्र तसा पर्याय नसतो.

खरी अडचण खर्चाच्या पानावर आली. महिन्याचा घरखर्च किती, हे मी न थांबता सांगितले: ५५ हजार. आकडा कोठून आला ते मला ठाऊक नाही, पण मी तो कित्येक वर्षे मैत्रिणींना आणि स्वतःला सांगत आले आहे. तक्त्याखाली बारीक अक्षरात सूचना होती की अंदाज नको, बँकेच्या बारा महिन्यांच्या उताऱ्यावरून काढावे. ते उतारे छापून घेतले, पट्टी आणि लाल पेन घेतले आणि दोन संध्याकाळी बसले. पूर्वी उताऱ्यात महिन्याला दहा-बारा ओळी असत, आता यूपीआयमुळे दिवसाला तेवढ्या असतात. चाळीस रुपये, एकशे वीस रुपये, पंचवीस रुपये, पुन्हा चाळीस. कोथरूडच्या भाजीवाल्याचे बँकेतील पूर्ण नाव मला या वयात कळले. बेरजेला बाराने भागले तर सरासरी ७८ हजार आली. सहा टक्के महागाई धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे नवरा सत्तरीच्या जवळ पोहोचेल तेव्हा याच भाजीपोळीला महिन्याला दीड लाखावर लागतील. ही गोष्ट तक्त्यानेच शेजारच्या चौकटीत परस्पर मांडून दाखवली. आम्ही दोघे त्या चौकटीकडे पाहत राहिलो. मग किराणा, वीज, गॅस, औषधे, पेट्रोल, सोसायटी असे करत ज्याला त्याला आपापल्या जागी बसवले आणि जे कोठेच बसेना ते एकत्र करून 'इतर' म्हणून लिहिले. ते हे एकोणीस हजार.

माझे वडील, म्हणजे नाना, एसटीच्या आगारात कारकून होते आणि रोजचा खर्च वहीत लिहीत. कराडच्या घरातील दिवा लागला, शुभंकरोती झाले की कोनाड्यातून लांबट, लाल कापडी पाठीची वही निघे आणि नाना आईला विचारत, "आज काय?" आई भाकऱ्या थापता थापता सांगे आणि नाना टाकाने लिहीत. आई वारल्यावर नव्हे, घर रंगवताना त्यातील तीन वह्या माझ्याकडे आल्या. आई आजही कराडला भावाकडे आहे, एक्याऐंशी वर्षांची. १९८३ सालच्या वहीतील अक्षर अजून लखलखीत आहे. 'निळीची पुडी ०.३५', 'चि. बेबीच्या वह्या ४.८०', 'गिरणी १.१०', 'सौ.ची चप्पल, अंगठा शिवणे ०.५०'. पस्तीस पैशांची पुडी ज्याने सोडली नाही, त्याच्या वहीत दर महिन्याला, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, एक ओळ येते: 'किरकोळ २५.००'. बाकी काहीही नाही. मी लहानपणी ही ओळ शेकडो वेळा पाहिली असेन, कारण बेरीज पडताळण्याचे काम माझ्याकडे होते. परवा उताऱ्यांवर लाल पेन फिरवून झाल्यावर मुद्दाम वही काढली आणि पाने उलटताना हात थांबला. जानेवारीत २५, एप्रिलमध्ये २५, दिवाळीतही २५. खरा किरकोळ खर्च असा नसतो. तो कधी अकरा रुपये होतो, कधी एकोणतीस. दरमहा नेमका तेवढाच होणारा खर्च कोणाला तरी ठरवून दिलेला असतो.

आईला फोन केला. आधी तिच्या गुडघ्याचे बोलणे झाले, मग मी विचारले.

"त्यांचं त्यांना ठाऊक," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

मी म्हटले, अगं, तेव्हाचे पंचवीस म्हणजे केवढे होते. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्यांनीसुद्धा माझ्या तूरडाळीच्या डब्यात कधी हात घातला नाही." या डब्याविषयी मला ठाऊक होते. माझ्या लग्नाच्या वेळी नानांनी किसान विकास पत्रे मोडली, ज्यांचे पैसे तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होत, आणि तरीही पाटल्यांना कमी पडले ते त्या डब्यातून निघाले होते. नोटांना डाळीची पिवळसर पूड लागलेली होती आणि सोनाराने त्या मोजण्याआधी झटकल्या होत्या, एवढे मला स्पष्ट आठवते. माझा स्वतःचा डबा कोणता, ते येथे लिहीत नाही.

तर फोड. गुरुवारी रात्री जेवणे झाल्यावर टेबल पुसून आम्ही बसलो. नवऱ्याने चष्मा लावला, मी उतारे पसरले. पहिली ओळ माझीच होती: आईकडे दिवसभर असणाऱ्या बाईच्या पगारातील माझा वाटा, दरमहा ६,००० रुपये, भावाच्या खात्यात. हे पैसे मी चार वर्षे पाठवते आहे. नवऱ्याला ते ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, भावजयीलाही ठाऊक आहे, आणि आम्हा चौघांत आजवर त्याचा उच्चार झालेला नाही. कारण उच्चार झाला की वाट्याचा प्रश्न येतो आणि वाटा म्हटले की घराचाही येतो. त्या रात्री मी पहिल्यांदा ते मोठ्याने म्हटले. "सहा. आईची बाई." नवऱ्याने लिहिले. पेन जराही थबकले नाही.

आहेर आणि पाकिटे यांचे वर्षाचे भागून महिन्याला ३,५०० पडत होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातीची फी १,५००, गावच्या देवीच्या उत्सवाची वर्गणी ५००. महिला मंडळाची भिशी ३,०००. तिच्यावर थोडा वाद झाला, कारण भिशी हा खर्च नव्हे, ती परत येते, असे माझे म्हणणे होते. "मग गेल्या वर्षी आली ती कुठे दाखवलीस?" असे त्याने विचारल्यावर मी हातातील नव्या बांगड्या टेबलाखाली घेतल्या आणि भिशी खर्चातच राहिली. पुढची ओळ २,५०० ची होती आणि ती वाचताना त्याने मान वर केली नाही. धाकट्या दिरांनी दुकानासाठी कर्ज काढले आहे, त्याला हा जामीन आहे, आणि मंदीच्या महिन्यांत हप्त्याला टेकू द्यावा लागतो. तक्त्याच्या सातव्या पानावर 'कोणाच्या कर्जाला जामीन आहात का?' असा प्रश्न होता आणि त्यापुढे त्याने रविवारी 'नाही' लिहिले होते. आता त्याने ते पान शोधून काढले, 'नाही' खोडले, 'होय' लिहिले आणि कर्जाची शिल्लक रक्कमही घातली. मी पाणी प्यायला उठले. भावासाठी सही करणे हे माझ्या दृष्टीने त्याच्याकडून अपेक्षितच होते, मला खटकले ते रविवारचे 'नाही'. तरी सहा हजारांची ओळ मीसुद्धा 'इतर'मध्येच ढकलली होती, म्हणून ग्लास विसळून परत येऊन बसले.

बेरीज १७,००० झाली. दोन हजार कमी पडत होते. मी उताऱ्यावर पट्टी सरकवत गेले. यूपीआयने पैसे गेले की नाव उमटते, पण या ओळीला नाव नव्हते. एटीएममधून रोख, २,००० रुपये, दर महिन्याच्या पाच तारखेच्या मागे-पुढे. बाराही महिने होती. शिवाय मशीन घराजवळचे नव्हते, त्याच्या कार्यालयाच्या वाटेवरचेही नव्हते. नवऱ्याने माझ्या पट्टीकडे पाहिले.

"ते माझे धर," तो म्हणाला.

"कशाचे म्हणून लिहू?"

"असेच गं. किरकोळ."

घड्याळ साडेदहाचे टोल देत होते आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी लावत होते. विचारावे असे मला फार वाटले. शनिवारी भेटणारे सल्लागार नक्की विचारतील, आणि त्यांनी विचारावे यासाठीच आपण त्यांना पैसे देणार आहोत, असेही मनात आले. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यापासून लपवण्याजोगे फारसे काही केलेले नाही, की केले आहे आणि ते मला कळलेले नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. एखादा जुना मित्र अडचणीत असेल, कोणाच्या मुलाचे शिक्षण असेल. लॉटरीची तिकिटेही असतील. नानांच्या पंचवीस रुपयांचे मी मनातल्या मनात काहीतरी थोर करून ठेवले आहे, पण तेही कोण जाणे, आगाराबाहेरच्या टपरीवरील विड्या असतील. आईने चाळीस वर्षे विचारले नाही त्याला मी आजवर तिचा भिडस्तपणा समजत आले होते. पेन हातात धरून बसले तेव्हा ते तेवढे सोपे वाटेना.

मी सहा ओळींखाली सातवी ओळ लिहिली, 'किरकोळ २,०००', आणि बेरजेखाली दुहेरी रेघ मारली. सकाळी कॉलेजला निघण्याआधी त्या पानाचा फोटो काढून पाठवून दिला. मधल्या सुट्टीत त्या मुलीचा निरोप आला: "थँक यू मॅडम, टोटल जुळली. शनिवारी अकराला या."